आणखी कोण होतं? : प्रस्तावना

सात वर्षांचा असताना मी पाटनला एका म्हातारीचं नाव घेतलं. हे पुस्तक लिहायला मला पुष्कळ वर्षं लागली, पण ते तिथंच सुरू झालं होतं.

आत्याचे यजमान तेव्हा पाटनला नोकरीला होते. जबलपूरपासून तीसेक किलोमीटरवरचं हे तहसिलीचं गाव. पुढे हाच रस्ता तेंदुखेड्यावरून सागरकडे जातो. नाताळच्या सुटीत मी तिथं राहायला गेलो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तापानं फणफणलो. ताप उतरेना तेव्हा शेजारच्या बाया जमल्या. त्यांच्यातल्या एकीनं माझ्या कपाळावर हात ठेवला आणि अगदी मायेनं विचारलं, "का खाओ तो, बेटा? कौन ने दओ?" मी बोरं खाल्ली होती. पण ती कुंपणापलीकडच्या झाडाची, कुणाला न विचारता तोडलेली. ते सांगायची भीती वाटली. म्हणून म्हणालो, कोपऱ्यावरच्या बऊनं दिली.

बऊ गल्लीच्या टोकाला एकटी राहायची. तिच्याबद्दल कुजबुज आधीपासूनच होती. त्या कुजबुजीला फक्त एका साक्षीदाराची गरज होती आणि तो मी पुरवला. संध्याकाळी गुनिया आला, त्यानं लिंबू उतरवलं, राख लावली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या गोळ्या सुरू झाल्या आणि ताप गेला. श्रेय गुनियाला मिळालं. बऊला कुणी मारलं नाही, गावाबाहेर काढलं नाही. फक्त मुलं तिच्या दारावरून जाईनाशी झाली आणि बाया तिच्यासमोर तान्ह्यांना पदराखाली घेऊ लागल्या. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा तिच्या दाराला कुलूप होतं.

पुढे वाचनात सेलमची पोरं आली, वॉशिंग्टनमधल्या समितीसमोर बसलेले नट-लेखक आले, मेरठच्या कोर्टातले आमचे गिरणगावचे पुढारी आले, आणि प्रत्येक ठिकाणी मला तो मायाळू प्रश्न ऐकू येत राहिला : कुणी दिलं? आणि नाव मिळालं की लगेच दुसरा : आणखी कोण होतं?

या विषयावरची पुस्तकं बहुधा युरोप-अमेरिकेपासून सुरू होतात. मला ते गरजेचं वाटत नाही. भीतीचं रूपांतर कायद्यात कसं होतं, हे पाहायला पाटनपासून तासाभराचा प्रवास पुरे. जबलपुरात १८३०च्या आसपास जे घडलं, तो या पुस्तकाचा कणा आहे.

१८१७ साल सरताना हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेला. त्याआधी सागरकर मराठ्यांचा, त्याहीआधी गढा-मंडल्याच्या गोंड राजांचा. राज्यं बदलली तशी शिपाईगिरीवर जगणारी हजारो माणसं रिकामी झाली. पेंढारी मोडले. सारावसुली मात्र कडक झाली. सावकारांचा पैसा, अफूचा व्यापार, रजेवर घरी निघालेल्या शिपायांचा पगार, सगळं याच वाटांनी चालत जाई. एकट्यानं प्रवास करणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून जो तो सोबत शोधी. आणि सोबत करणारेच मारेकरी, म्हणजे ठग, निघत. दोन-चार मुक्काम बरोबर खायचं, गप्पा मारायच्या, मग ठरलेल्या जागी ठरलेली खूण व्हायची, रुमाल गळ्याभोवती पडायचा आणि प्रेतं आधीच पाहून ठेवलेल्या जागी पुरली जायची. घरच्यांना वाटायचं, माणूस अजून वाटेत असेल.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती झाकली तर पुढचं सारं खोटं ठरेल. हे खून झाले होते. आंब्याच्या राया खणल्या तेव्हा हाडं निघाली. ठग हा सगळाच इंग्रजांच्या कल्पनेचा खेळ होता, असं म्हणणारा एक सूर मधल्या काळात ऐकू येई. तो मला पटत नाही, आणि मेलेल्या वाटसरूंवर तो अन्याय करतो असंही वाटतं.

पण भीतीला सगळंच खोटं लागत नाही. थोडं खरं असलं तर ती अधिक जोमानं वाढते.

विल्यम स्लीमन हा कॉर्नवॉलचा, १८०९मध्ये बंगालच्या फौजेत आलेला माणूस. १८२२ ते १८२४ नरसिंहपूर जिल्हा त्याच्याकडे होता. जिल्ह्यातली बारीकसारीक चोरीही आपल्या नजरेतून सुटत नाही, असा त्याला विश्वास होता. पुढे जबलपुरात आल्यावर त्याला कळलं, की त्याच्या नरसिंहपूरच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, कंदेलीत, मारेकऱ्यांची टोळी राहत होती, आणि सागर-भोपाळच्या वाटेवर एका मुक्कामाच्या अंतरावर असलेल्या मंडेसूरच्या आमरायांत तिची पुरण्याची जागा होती. स्लीमननं हे स्वतःच लिहून ठेवलं आहे आणि त्या लिहिण्यातला हादरा आजही जाणवतो. मला तो मजकूर या साऱ्या इतिहासाची गुरुकिल्ली वाटतो. शत्रू दूर जंगलात असता तर फौज पाठवता आली असती. तो शेजारी निघाला, तोंडओळखीचा निघाला, सलाम करणारा निघाला. अशा वेळी माणूस एका टोळीचा शोध थांबवत नाही. तो प्रत्येक सलामाकडे संशयानं पाहू लागतो.

ऑक्टोबर १८३०मध्ये कलकत्त्याच्या एका वाङ्मयीन नियतकालिकात निनावी पत्र छापून आलं. विंध्याचलची देवी, तिचे पुजारी, देवीच्या कृपेनं देशभर हिंडणारे खुनी आणि त्यांचा एकच धर्म, असं चित्र त्यात होतं. पत्र स्लीमनचं होतं. ते छापून आल्यावर सरकार हललं आणि हा उपद्रव समूळ निपटण्याची योजना मागवली गेली. वाटमारीच्या सुट्या-सुट्या टोळ्या होत्या. त्या कधी एकत्र येत, कधी फुटत. शेतीच्या दिवसांत शेती करत, जमीनदाराला वाटा देत. त्यांच्यात हिंदू होते तसे मुसलमानही होते. पत्रानंतर त्यांचा एक पंथ झाला. पंथ म्हटला की त्याला वंश आला, भाषा आली, दैवत आलं, आणि मग त्याच्या नायनाटाला मर्यादा उरली नाही.

डिसेंबरच्या थंडीत पकडून आणलेला फिरंगिया हा नामांकित ठग माफीचा साक्षीदार झाला, आणि तिथून यंत्र सुरू झालं. इकडे अशा माणसाला गोइंदा म्हणत. जबलपुरात गुरंदी नावाचा जुना बाजार आहे. ते नाव याच शब्दावरून आलं, असं गावातले जुने लोक सांगतात. गोइंद्याचा जीव वाचे, पण सुटका होत नसे. त्यानं खरं सांगावं, सगळं सांगावं, काही लपवलं तर माफी रद्द. आता सगळं सांगून झालं हे कुणी ठरवायचं? विचारणाऱ्यानं. म्हणून गोइंद्याला सांगत राहणं भाग होतं. एकानं घेतलेल्या नावाला दुसऱ्याचा दुजोरा, त्यानं घेतलेल्या नावाला तिसऱ्याचा. स्लीमन निष्काळजी नव्हता. तो साक्षीदारांना वेगळं ठेवी, जबान्या ताडून पाही, वंशावळी काढी, नकाशांवर जागा मांडी. १८३६मध्ये त्यानं ठगांच्या 'रमासी' बोलीचा कोशच छापला, संभाषणांसकट. मी तो कोश अनेकदा वाचला आहे. प्रश्न विचारणाऱ्याला काय हवं आहे, हे उत्तर देणाऱ्यांना किती लवकर कळतं, ते त्यात पानोपानी दिसतं. देवीविषयी विचारलं की देवी येते, शकुनांविषयी विचारलं की शकुन येतात.

त्याच वर्षी, १८३६चा ३०वा कायदा झाला. मी वकील नाही, पण या कायद्याची पहिली ओळ वाचल्यावर बराच वेळ पान उलटू शकलो नव्हतो. जो कुणी ठगांच्या टोळीत असल्याचं सिद्ध होईल, मग कायदा होण्याआधी असो की नंतर, कंपनीच्या मुलखात असो की बाहेर, त्याला जन्मभर सक्तमजुरीची कैद. खून केला का, कुणाचा, कधी, कुठं, हे काही विचारायचं नाही. टोळीत होता, एवढं बास. खटला कुठल्याही जिल्ह्यातल्या कोर्टात चालवता येई. त्या काळी फौजदारी न्यायात मौलवीचा फतवा लागे. या खटल्यांत तो मागू नये, अशीही तरतूद होती, कारण गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीवर विसंबायला ते कायदेपंडित कचरत.

आता हे वाचताना अमेरिकेतला तो प्रसिद्ध प्रश्न आठवतो. आता किंवा पूर्वी कधी तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का? प्रतिनिधिगृहाच्या समितीनं हॉलिवूडला तो १९४७मध्ये विचारला. ९ फेब्रुवारी १९५० रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावी सिनेटर जोसेफ मॅकार्थीनं परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी हातात असल्याचं सांगितलं आणि पुढची चार वर्षं एक बलाढ्य देश आपल्याच कारकुनांना घाबरून राहिला. आर्थर मिलरचं 'द क्रुसिबल' १९५३मध्ये रंगमंचावर आलं, ते १६९२च्या सेलमबद्दल होतं आणि प्रेक्षकांना ते कशाबद्दल आहे हे सांगावं लागलं नाही. सेलममध्ये १९ जणांना फाशी झाली, एकाला दगडांच्या भाराखाली मारलं. आपण चेटूक केलं असं कबूल करून जे त्या कबुलीवर ठाम राहिले ते वाचले. मी नाही त्यातली, असं जी म्हणाली ती गेली.

चेटकीण, ठग आणि कम्युनिस्ट या तिघांना एका माळेत ओवलं, तर वाचक हरकत घेईल आणि ती रास्त आहे. चेटकीण नसतेच. ठग होते, त्यांनी माणसं मारली. कम्युनिस्ट तर उघड पक्ष, ध्येयधोरण छापून सांगणारा. त्यांच्यातल्या काहींनी मॉस्कोकडे पाहून निर्णय घेतले, हेही नाकारायचं कारण नाही. तरीही यंत्र तेच राहतं, आणि मला त्या यंत्राविषयी बोलायचं आहे. गुन्हा कृत्यातून सुटतो आणि माणसाच्या असण्याला चिकटतो. पुरावा वस्तूतून सुटतो आणि घाबरलेल्याच्या तोंडात जातो. नाकारणं हाच पुरावा होतो, कारण खरा ठग, खरी डाकीण, खरा क्रांतिकारक नाकारणारच.

आमच्याकडचं याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण १९२९च्या मुंबईत आहे, आणि मराठी वाचकाला ते अर्धंच ठाऊक असतं असा माझा अनुभव आहे. मेरठ कट खटला शाळेत शिकवतात. त्याआधीचे दीड महिने कुणी शिकवत नाही.

१९२८मध्ये गिरण्यांचा संप सहा महिने चालला. दीड लाखाच्या घरात कामगार त्यात होते. त्यातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. मालक आणि सरकार दोघेही धास्तावले. त्याच हिवाळ्यात शिवडीकडे तेल कंपन्यांत संप होता आणि संप फोडायला पठाण आणले होते. हेच पठाण चाळींतून व्याजानं पैसे देत आणि काठीनं वसूल करत. अशात बातमी फिरली, की पठाण पोरं पळवतात, बांधकामाच्या पायात बळी द्यायला. कुणी पाहिलं, कुणाचं पोर गेलं, ते कुणी विचारलं नाही. ३ फेब्रुवारी १९२९पासून रस्त्यात पठाण दिसला की मारायला सुरुवात झाली. पुढे तिला हिंदू-मुसलमान दंगलीचं रूप आलं आणि ती शमेपर्यंत १४९ माणसं मेली. मारणाऱ्यांत काल खांद्याला खांदा लावून संप लढलेले हातही होते. आपली माणसं होती ती, आणि हे लिहिताना मला त्रास होतो. पण गिरणगावाच्या इतिहासातून हे पान फाडता येत नाही.

मग भीतीची दिशा वळली. २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड झाली. डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, अधिकारी, आणि अर्जुन आळवे, गोविंद कासले यांच्यासारखे साच्यावर काम केलेले कामगार. सोबत फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडली हे इंग्रजही. खटला मुंबईत किंवा कलकत्त्यात चालता तर ज्यूरी बसली असती. मेरठला ज्यूरी नव्हती. कलम लावलं १२१अ : बादशहाचं हिंदुस्थानवरचं राज्य हिरावून घेण्याचा कट. या कलमाचं स्पष्टीकरण असं, की कटाला अनुसरून एखादं कृत्य घडलंच पाहिजे अशी गरज नाही. जबलपूरचा १८३६चा कायदा आणि हे १८७०चं कलम शेजारी ठेवून पाहा. मौलवीच्या जागी ज्यूरी आली, टोळीच्या जागी कट आला. सप्टेंबरात दंगलीच्या चौकशी समितीचा अहवाल आला. त्यानंही बोट ठेवलं ते कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या संपातल्या भाषणांवर. पोरं पळवण्याची अफवा, व्याजाची काठी, संप फोडण्यासाठी आणलेली माणसं, या सगळ्याला एक सोयीचं नाव मिळालं.

खटला जवळजवळ चार वर्षं चालला. आरोपींतले दादासाहेब ठेंगडी तो सुरू असतानाच वारले. जानेवारी १९३३मध्ये शिक्षा झाल्या. मुजफ्फर अहमदांना जन्मठेप, डांग्यांसह काहींना १२ वर्षं. त्याच ऑगस्टमध्ये अलाहाबादच्या हायकोर्टानं शिक्षा पार खाली आणल्या, काहींना सोडलं. चार वर्षं मात्र परत कुणी दिली नाहीत. एक गोष्ट सरकारच्या मनासारखी झाली नाही. आरोपींनी कोर्टालाच सभा केलं, आपण कोण आहोत ते तासन्‌तास सांगितलं, आणि कम्युनिझम म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही वर्तमानपत्रांतून कळलं. भीतीनं चालवलेले खटले पुष्कळदा असेच उलटतात. गोइंदे मिळाले नाहीत, तर अधिकच.

जबलपूरचा धागा मात्र मेरठवर संपत नाही. तो आणखी एका वाटेनं गेला आणि त्या वाटेवर उभी असलेली माणसं आजही आपल्या बाजारात, एसटी स्टँडवर भेटतात. ठगी रक्तात असते, बापाकडून मुलाकडे जाते, हे मत जबलपुरात पक्कं झालं. शिक्षा झालेल्यांच्या कपाळावर गोंदून ठगीची खूण केली जाई. माफीच्या साक्षीदारांसाठी जबलपुरात उद्योगशाळा उघडली, त्यांची पोरंही तिथंच. ती तंबू शिवत, गालिचे विणत. सुधारणा म्हणून त्याचं कौतुक झालं आणि त्यात तथ्यही होतं, पण पोरांचा गुन्हा काय, हा प्रश्न कुणाला पडला नाही. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा हा या मताचा थेट वारस. १९११पासून तो मुंबई इलाख्यालाही लागू करता आला. मग पारधी, कैकाडी, उचल्या यांच्या पाटलाकडे हजेऱ्या, गाव सोडायचं तर दाखला, आणि सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. स्वातंत्र्य १९४७ला आलं, ही माणसं सुटली ३१ ऑगस्ट १९५२ला. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला साहित्य अकादमी मिळाली तेव्हा अनेक मराठी घरांना पहिल्यांदा कळलं, की आपल्या तालुक्यात जन्मानंच आरोपी ठरलेली पोरं वाढत होती.

आणि १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवड्याचा बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. मोबाइलवर आठवडाभर पोरं पळवणाऱ्या टोळीचे निरोप फिरत होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. फिरस्ता म्हणजे संशयित, हे वाक्य कुणी त्या दिवशी तयार केलं नव्हतं. ते दोनशे वर्षं सरकारी दप्तरांत घोटलं गेलं होतं.

पुढची प्रकरणं याच क्रमानं जात नाहीत. ठगांच्या भागाला सर्वांत जास्त पानं दिली आहेत, कारण कागद तिथं भरपूर आहेत आणि मराठीत ते फारसे आलेले नाहीत. नंदुरबारच्या डाकिणींवरचं प्रकरण त्या मानानं लहान आहे. ते लिहिताना ज्या स्त्रिया भेटल्या त्यांनी विश्वासानं सांगितलेलं पुष्कळसं मी छापलेलं नाही. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याचा आधार त्यांच्यातल्या काहींना मिळाला आहे, आणि तो मिळावा यासाठी गावोगाव हिंडणारे कार्यकर्ते मी पाहिले. त्यांच्याविषयी माझ्या मनात फक्त आदर आहे. अमेरिकेचं प्रकरण मुद्दाम त्रोटक ठेवलं, ते मराठीत इतरत्र वाचता येईल.

स्लीमनविषयी माझं मत लिहिताना दोनदा बदललं. तो क्रूर नव्हता. प्रवाशांचे खून थांबले, याचं मोठं श्रेय त्याचं आहे. जबलपूर-कटनी रस्त्यावरच्या स्लीमनाबादला त्याचं नाव अजून आपुलकीनं घेतात. याच माणसानं १८४४च्या आपल्या प्रवासपुस्तकात इथल्या चेटकिणींवरही एक प्रकरण लिहिलं. भोळ्या लोकांना कशी भीती वाटते आणि त्या भीतीतून ते कसे पुरावे रचतात, हे तो त्यात शांतपणे मांडतो. दुसऱ्याची भीती त्याला इतकी लख्ख दिसली. हे प्रकरण आणि त्याचा ठगकोश आलटून पालटून वाचत मी एक अख्खा पावसाळा काढला.

मागच्या हिवाळ्यात पुन्हा पाटनला गेलो. गल्ली रुंद झाली आहे, कोपऱ्यावर आता पक्कं दुकान आहे. दुकानदाराच्या आईला बऊ आठवत होती. ती कुठं गेली ते त्यांना माहीत नव्हतं. भावाकडे गेली असेल, म्हणाल्या. मी नाव विचारलं. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं, आतून सुनेला हाक मारली, मग शेजारणीला. बऊच म्हणत सारे, त्या म्हणाल्या. स्लीमनच्या पुस्तकात ठगांची नावं आहेत, बापांची आहेत, आज्यांची आहेत, पानभर पसरलेल्या वंशावळींत. बोरांचं झाड होतं तिथं आता भिंत आहे. मी त्या बाईंना विचारलं, त्या झाडाची बोरं गोड होती का. खूप गोड होती, त्या म्हणाल्या, गल्लीतली सगळी पोरं चोरून खायची.